सगळ्यांचे हात वर होईपर्यंत

सौदीतल्या धाहरानला जुलै महिन्यात शहाणा माणूस थांबत नाही. शाळा बंद झाल्या की आमच्या कंपाउंडमधल्या बायका मुलांना घेऊन आपापल्या देशी पळतात आणि मागे उरतात नवरे, मांजरं आणि आमच्यासारखे अडकलेले लोक. कंपाउंड म्हणजे उंच भिंतीच्या आत एका साच्यातली घरं, पोहायचा तलाव, एक मोठा हॉल आणि फाटकावर पहारेकरी. बाहेर ऊन असं की दुपारी गाडीच्या स्टिअरिंगला फडक्याशिवाय हात लावता येत नाही. अशा ठिकाणी, अशा महिन्यात माझ्या आयुष्यातला सगळ्यात धमाल उन्हाळा गेला, असं मी कुणाला सांगितलं तर ऐकणारा आधी माझं कपाळ तापलंय का ते बघेल.

आम्ही थांबायचो ते मुलीमुळे. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. ती स्वमग्न आहे हे डॉक्टरांनी फार लवकर सांगितलं होतं. मोजके शब्द बोलते, तेही मनात आलं तर, आणि बहुतेक इंग्रजीत, कारण तिची कार्टूनं इंग्रजीत. विमानप्रवास म्हणजे आमच्यासाठी लढाई. आणि ती पळते. कुणावर रागावून नाही, कुठे जायचं म्हणूनही नाही. आवाज वाढला, गर्दी झाली की तिचे पाय सुटतात आणि उघडं दार दिसलं की ती बाहेर. तिच्यामागे मी मॉलमधून, दवाखान्यातून, एकदा तर लोकांच्या लग्नाच्या वाढदिवसातून अनवाणी धावले आहे. माझं वजन ताब्यात आहे ते त्या धावण्यामुळेच.

आधीच्या उन्हाळ्यांत मी तिला दोन-तीन शिबिरांत घालून पाहिलं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथल्या मॅडम मला बाजूला घेत आणि हसून सांगत, तुमची मुलगी खूप गोड आहे. हे वाक्य कानावर पडलं की मी सरळ पर्स उचलायचे. पुढचं मला पाठ होतं.

त्या वर्षी मे महिन्यात नवऱ्याने जेवताना विषय काढला. तो मूळचा नाशिकचा, अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर इंजिनिअर. पहाटे कंपनीच्या बसने जातो, संध्याकाळी दमून येतो आणि महत्त्वाचं काही बोलायचं असलं की ताटाकडे बघून बोलतो. उन्हाळा संपला की तुम्ही दोघी नाशिकला जा, असं त्याचं म्हणणं होतं. तिथे त्याचे आईवडील आहेत, अशा मुलांची चांगली शाळा आहे. इथला आमचा इकामा, राहण्याचा परवाना, रद्द करून फायनल एक्झिट घ्यायचं, म्हणजे कायमचं बाहेर. तो इतर एकट्या पुरुषांबरोबर खोली करून राहील आणि वर्षातून एकदा येईल. माझं डोकं तापायला कधीच वेळ लागत नाही. मी आवाज चढवला. तुला आमची अडचण होते आहे का, असंही विचारलं. त्याने शांतपणे ताट बाजूला सारलं.

‘एक जागा दाखव,’ तो म्हणाला, ‘जिथे ती शेवटच्या दिवसापर्यंत टिकली. मी पुन्हा हा विषय काढणार नाही.’

मला एकही जागा दाखवता येईना. आणि तो आमच्या भल्यासाठीच बोलत होता, त्यामुळे धड भांडताही येईना.

आमच्या समोरच्या घरात एक अमेरिकन बाई राहायची. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, पिकलेले केस बारीक कापलेले, पायात बाराही महिने त्याच चपला. ज्यांना बोलायला अडचण होते अशा मुलांना शिकवणं हा तिचा पेशा. ती दुपारी माझ्याकडे आल्याचा चहा प्यायला यायची, तिखट लागला म्हणून डोळे पुसायची आणि दुसरा कप मागायची. फायनल एक्झिटचं मी तिच्यापाशीच बोलले, कारण मराठी मैत्रिणींना सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत खोबरपासून जुबैलपर्यंत सगळ्यांना कळलं असतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग आपणच शिबिर काढू. हॉल रिकामा आहे, तलाव रिकामा आहे, आणि गावभर घराघरांत कोंडलेली मुलं पुष्कळ आहेत. सगळी मुलं एकत्र. चालणारी, न चालणारी, बोलणारी, न बोलणारी.

मी हसले. तिने मात्र कप खाली ठेवला आणि लहानपणचं सांगायला लागली. तिच्या गावापासून लांब, जंगलातल्या एका तळ्याकाठी उन्हाळी शिबिर भरायचं आणि ती दरवर्षी तिथे जायची. तिचा धाकटा भाऊ डाउन सिंड्रोमचा. बाकी सगळीकडे तो ‘तिचा भाऊ’ असायचा. त्या एका ठिकाणी तो स्वतःच्या नावाने ओळखला जायचा आणि सगळ्या पोरांबरोबर त्याच खोलीत झोपायचा, भांडायचा, गायचा. मग तिने आवाज जरा उतरवला आणि सांगितलं की ते शिबिर ज्यू मुलांचं होतं. ती ज्यू आहे.

मला इतका आनंद झाला की ती दचकलीच. मी रेवदंड्याची. आमच्या शेजारच्या मावशी बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावात त्यांना शनवारतेली म्हणायचे. मावशी नऊवारी नेसायच्या, माझ्या आईपेक्षा शुद्ध मराठी बोलायच्या, आणि नवस फेडायचा असला की एलियाहू पैगंबराच्या नावाने मलिदा करायच्या. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, वर फळांचे काप. अलिबागजवळच्या एका खडकावर त्या पैगंबराच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत, असं त्या ठासून सांगायच्या. सहलीला गेलो की आम्ही पोरं त्या खुणांत पाय घालून बघायचो. हे सगळं मी एका दमात सांगितलं आणि विचारलं, तुझा मलिदा कसा असतो, गुळाचा की साखरेचा?

तिने मलिदा आयुष्यात ऐकला नव्हता. माझा विश्वास बसेना. ज्यू आहे आणि मलिदा येत नाही, म्हणजे कोकणस्थाला आमटी येत नाही म्हणण्यापैकी. बाई कृती सांगायला नको म्हणून टाळते आहे, असं मला दोन दिवस वाटत होतं. नऊवारीतल्या ज्यू बायका असतात यावर तिचाही दोन दिवस विश्वास बसला नाही, म्हणजे फिटंफाट झाली.

तिचा धर्म इथे ती चारचौघांत मिरवत नसे. शुक्रवारी संध्याकाळी घरात पडदे ओढून दोन मेणबत्त्या लावायची, तेवढंच. मीही कुठे डांगोरा पिटला नाही. आमच्या शिबिरात धर्म कुणाचाच नव्हता, मुलं मात्र सगळीकडची आली. इजिप्तची, सुदानची, केरळची, कराचीची, दोन सौदी घरांतली. कुणाच्या कानाला यंत्र, कुणी काठी घेऊन चालणारं, आणि कुणी आपलं साधंच, घरी कंटाळलेलं. हॉल देताना कंपाउंडच्या मॅनेजरने एकच अट घातली. एखादं मूल जरी हरवलं, जरी फाटकाबाहेर गेलं, तरी त्याच दिवशी किल्ली परत. हे बोलताना तो कुणाच्या मुलीकडे बघत होता ते सांगायला नको.

शिबिराची रीत मात्र तिने तळ्याकाठून उचलून आणली होती. प्रत्येक मुलाला एक जोडीदार. दिवसातून कधीही, तलावात असोत की हॉलमध्ये, ती एक चाल गुणगुणायला लागे. तिच्या लोकांत अशी बिनशब्दांची गाणी असतात. लाय लाय लाय, बस, एवढंच. ज्याला ऐकू येईल त्याने गायला लागायचं आणि गात गात आपला जोडीदार शोधून दोघांनी एकमेकांचा हात धरून वर करायचा. सगळ्या जोड्यांचे हात वर झाले की गाणं थांबतं. एक जरी हात खाली असला तरी सगळ्यांनी गात राहायचं. शिट्टी का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाली, शिट्टीने तुझी मुलगी पळेल, आणि शब्द असते तर निम्मी मुलं बाहेर राहिली असती.

इथवर मला सगळं पटलं. मग तिने जोड्या सांगितल्या आणि माझं तिच्याशी वाजलं. माझ्या मुलीची जोडीदार होती हैदराबादची एक अकरा वर्षांची मुलगी, चाकाच्या खुर्चीतली. फार गोड, फार बडबडी, आणि हुकूम सोडण्यात पटाईत. पण खुर्चीतली. जी पळते तिच्या जोडीला जी उठूच शकत नाही ती, हे कुठलं शहाणपण, असं मी तोंडावर विचारलं. एखादा दणकट, धावणारा मुलगा दे म्हटलं. तिने नकार दिला.

‘मला तिला पकडणारं कुणी नकोय,’ ती म्हणाली. ‘परत यावंसं वाटेल असं कुणीतरी हवंय.’

मी फणफणत घरी आले. वाक्य टाळ्या घेणारं होतं, पण मुलगी पळाली असती तर धावायचं मला होतं.

पहिल्या दिवशी मी हॉलच्या दारात खुर्ची टाकून बसले. अमेरिकन शेजारणीने दुपारपर्यंत पाहिलं आणि मला उठवलं. तू दारात बसलीस तर तिचं लक्ष दारातच राहणार, म्हणाली, आणि मला स्वयंपाकघरात पिटाळलं. म्हणून मी शिबिराची आचारी झाले. उपमा, काकडीची कोशिंबीर, डाळीचे वडे, आंब्याचं दूध. सुदानी पोरं उपम्यावर लिंबू पिळून दोनदा मागून खायची. कानाला यंत्र लावणाऱ्या सौदी मुलाने माझ्या वड्यांसाठी यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि डोळे मिटून खाल्लं. आता याला दाद म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं.

आणि माझी मुलगी? ती पळाली नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. तिला फिरणाऱ्या गोष्टींचं वेड. पंखा, वॉशिंग मशीन, भोवरा, काहीही. आणि इथे तर जोडीदारच चाकांवर बसलेली. ती खुर्चीशेजारी उकिडवी बसून चाक फिरताना बघत राही. हैदराबादी मुलगी तिला बजावायची, ‘देखना है तो देख, पन धक्का तू मारना।’ आणि माझी मुलगी, जी हाताला हात लागला की अंग चोरते, ती खुर्ची ढकलत हॉलभर फेऱ्या घालायला लागली. चाकं फिरतात हे तिचं सुख, फिरायला मिळतं हे दुसरीचं. दोघींचा सौदा चोख होता.

हात मात्र ती वर करेना. गाणं सुरू झालं की कुठेही असली तरी खुर्चीपाशी यायची, चाकाची कड घट्ट धरायची, आणि बस. हैदराबादी मुलगी आपला एकटीचा हात वर करून दोघींच्या वतीने सांगायची, ‘हो गया, हमारा हो गया।’ शेजारीण मान डोलवायची. चालेल, म्हणायची, चाक धरलं म्हणजे हात धरल्यासारखंच. मला चालत नव्हतं. मला तो हात वर झालेला बघायचा होता, अगदी वेड्यासारखा बघायचा होता.

एके संध्याकाळी नवरा कामावरून आला आणि डबा हातात घेऊन पॅसेजमध्ये उभाच राहिला. न्हाणीघरातून आवाज येत होता. लाय लाय लाय, अगदी सुरात. आमची मुलगी आंघोळ करताना गात होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आत जायचं नाही, बोलायचं नाही, हे न बोलता ठरलं. पाणी थांबेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो. मग त्याने डबा ओट्यावर ठेवला आणि विचारलं की अजून किती दिवस आहेत. शेवटच्या शुक्रवारपर्यंत, मी म्हटलं. बघू, तो म्हणाला. इंजिनिअर माणूस, चाचणी पूर्ण झाल्याशिवाय सही करत नाही.

शेवटचा शुक्रवार घरच्यांसाठी होता. सूर्यास्ताची, मगरिबची नमाज झाली की सगळ्यांनी पांढरे कपडे घालून हॉलवर यायचं. हीसुद्धा तळ्याकाठची रीत. शुक्रवारी संध्याकाळी तिथे सगळे पांढऱ्यात, म्हणजे कोण कुठला ते कळत नाही. इथे निम्मे लोक तसेही पांढऱ्यातच असतात. सौदी वडील तोबात, म्हणजे त्यांच्या पायघोळ अंगरख्यात, आले, केरळचे मुंडू नेसून आले, आणि माझा नवरा लग्नातल्या कुर्त्यात, जो आता त्याच्या पोटावर ताणलेला होता. शेजारणीने सुरुवातीलाच जाहीर केलं की आज मोठ्यांच्याही जोड्या, आणि एकदा तालीम घेतली. सगळे हसत गायले, नवऱ्यांनी बायकांचे हात वर केले. माझा मात्र भिंतीला टेकून मोबाइल बघत होता. मी खूण केली तर म्हणाला, आलोय ना, बस. मी जवळच्या सौदी बाईचा हात धरून वर केला, आणि मनात त्याला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

ती सौदी बाई म्हणजे वड्यांसाठी यंत्र काढून ठेवणाऱ्या मुलाची आई. आमची छान गट्टी जमली होती. मी त्या दिवशी परातभर मलिदा केला होता. मुलगी शेवटच्या दिवसापर्यंत टिकली तर मलिदा करीन, असं मी मनातल्या मनात बोलले होते. नवस एलियाहूचा की आमच्या ग्रामदेवतेचा हे नीट ठरवलं नव्हतं. शेजारणीने घास घेतला आणि कुणाच्या नावाचा म्हणून विचारलं. मी एलियाहू म्हटल्यावर तिचा हात तसाच थांबला. त्याला ती ओळखत होती. तिच्या घरी वर्षातून एका सणाला त्याच्यासाठी पेला भरून ठेवतात आणि दार उघडतात, आज येईल म्हणून. तिचे डोळे भरले. मग माझेही भरले, मला काय, निमित्तच लागतं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मला आठवलं की मावशींकडे मलिद्याच्या ताटाशेजारी ऊद जाळायचे. मी हे सौदी मैत्रिणीला सांगितलं. इथे कुठल्याही समारंभात ऊद फिरवून कपडे सुगंधी करतात, तिला ते सांगायचीच खोटी होती. यल्ला, चला, म्हणाली, आणि गाडीतून आपलं सोनेरी धुपाटणं घेऊन आली. आम्ही दोघींनी कोळसा फुलवला, वर उदाचे चांगले जाड तुकडे ठेवले, परातीशेजारी मांडलं. सुंदर धूर निघाला. तो सरळ वर गेला, जिथे छताला आगीची सूचना देणारं ते पांढरं यंत्र होतं.

अलार्म कसा वाजला ते लिहून सांगता येणार नाही. सायरन, वर लाल दिवे, आणि त्याबरोबर हॉलची सगळी दारं एकदम उघडली. आग लागली तर कुणी आत कोंडून राहू नये म्हणून तशी सोय असते. शिबिरभर आम्ही जी दारं डोळ्यात तेल घालून बंद ठेवली होती, ती सगळीच्या सगळी उघडली. मी मागे वळून पाहिलं. खुर्ची होती, खुर्चीतली मुलगी होती. माझी नव्हती.

बाहेर आलो तर अंधार पडलेला आणि दमट हवा अशी की सगळ्यांच्या चष्म्यांवर वाफ. नवरा मोबाइल खिशात कोंबत फाटकाकडे धावला. बाहेर मोठा रस्ता, आणि त्या रस्त्यावर गाड्या कशा जातात ते इथल्या माणसालाच माहीत. मी तलावाकडे निघाले, कारण तिला पाणीही आवडतं. तेवढ्यात शेजारणीने माझं मनगट धरलं. तलावावर तिने आधीच दोघा मोठ्या मुलांना पाठवलं होतं, पहारेकऱ्याला फाटक लावायला सांगितलं होतं.

‘तू हलू नकोस,’ ती म्हणाली. ‘तुझा आवाज ती ओळखते. गा.’

माझ्या तोंडात गाण्याऐवजी शिवी आली होती. पण तोवर आतला सायरन कुणीतरी बंद केला आणि त्या शांततेत तिने सुरू केलं. लाय लाय लाय. मुलांनी लगेच उचललं. मग आयांनी, मग बापांनी. मोटारींच्या रांगेपुढे, पांढऱ्या कपड्यांतली घामाने निथळणारी माणसं, हातात हात घेऊन गात होती. मी गायले. रडत, बेसूर, पण मोठ्याने. कंपाउंडचा मॅनेजर धावत आला, अरबीत काहीतरी बोलायला लागला, आणि त्याला काय वाटलं कोण जाणे, पहारेकऱ्याशेजारी जाऊन गप्प उभा राहिला.

एकेक जोडी वर होत गेली. हैदराबादी मुलगी फुटपाथच्या कडेला खुर्चीत बसली होती, एकटीच, एक हात सरळ वर. बराच वेळ झाला. हात थरथरायला लागला. तिच्या आईने तो खालून धरायला पाहिलं, तर तिने झिडकारलं.

‘मैं हात नीचे नै करती,’ ती म्हणाली. ‘वो आरी। उसकू सुनाई देरा।’

आणि ती आली. हॉलच्या मागून, भिंतीला घासत, दोन्ही हातांनी कान झाकलेले. मागे एसीचे मोठे पंखे आहेत, माणसाएवढे, सतत फिरणारे. तिथे नाही तर कुठे जाणार होती, आणि हे मला, तिच्या आईला, सुचलं नव्हतं. ओठ हलत होते. गात होती. गर्दीतून ती थेट खुर्चीपाशी गेली, उकिडवी बसली आणि नेहमीसारखी चाकाची कड धरली. तेवढं मला पुरे होतं, खरंच पुरे होतं. मग तिने कानावरचा दुसरा हात काढला, त्याच्याकडे जरा बघितलं आणि वरच्या त्या थरथरणाऱ्या हातात दिला.

लोकांच्या डोळ्यांत पाणी, पण गाणं चालूच. शेजारीण थांबेना. मला कळेना, आता कोण राहिलं. हैदराबादी मुलीने रिकाम्या हाताने बोट दाखवलं. ‘आंटी-अंकल का बाकी है।’

नवरा फाटकापाशी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभा होता. कुर्त्याची बाजूची शिवण उसवली होती. तो सगळ्यांच्या मधून चालत आला, गातच, आणि तो गातो हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. माझ्यापुढे उभा राहिला तेव्हा माझं डोकं पुन्हा तापलं, इलाज नाही, स्वभाव आहे.

‘आता बोल,’ मी म्हणाले, ‘फायनल एक्झिटचं.’

‘आधी हात दे,’ तो म्हणाला. ‘लोक थांबलेत.’

आमचे हात वर गेले आणि गाणं थांबलं. अगदी शांत झालं. दूर रस्त्यावरच्या गाड्या तेवढ्या ऐकू येत होत्या. आणि चाकापाशी बसून, हात अजून वरच ठेवून, आमची मुलगी स्वच्छ आवाजात म्हणाली, ‘अगेन.’

मग काय, पुन्हा पहिल्यापासून.